मखमली ठिपका

चित्राखालचा लाल ठिपका शेजारच्या भिंतीवरच्या ठिपक्यांपेक्षा किंचित मोठा होता. ते ठिपके कागदी, गुळगुळीत, आठ मिलिमीटरचे. हा दहाचा, आणि मखमली.

समीक्षा सांगलीला विश्रामबागेतल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. नजरेने माप घ्यायची तिला सवय होती. तिने ठिपक्याकडे बघितलं, मग सासूबाईंच्या हातातल्या टिकल्यांच्या पाकिटाकडे.

“आत्या, ही टिकली तुम्ही लावलीत?”

“मग!” अंबूबाई म्हणाल्या. “त्या बाजूच्या चित्रांस्नी कुकू लावलंय. आपल्याच लेकराची समदी कोरी. बरं दिसतं व्हय?”

“लाल ठिपका म्हणजे चित्र विकलं गेलं, आत्या.”

“आगं बया!” अंबूबाईंनी पाकीट घाईने कमरेला खोचलं. “मग ऱ्हाऊ दे की. काढू नगंस.”

पुण्यातल्या त्या कलादालनात सहा चित्रकारांचं प्रदर्शन भरलं होतं. आज रविवार, शेवटचा दिवस. पाच जणांच्या भिंतींवर ठिपके होते. सहावी भिंत अमृतची, म्हणजे समीक्षाच्या नवऱ्याची.

अमृत पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी चित्रं. लग्न ठरलं तेव्हा त्याने पोस्टकार्डावर वडूजचा माळ काढून तिला पाठवला होता. तो बघून लग्नानंतर पहिल्याच पगारात तिने त्याला रंगांची मोठी पेटी आणून दिली. त्याला सात वर्षं झाली. पाच प्रदर्शनं झाली. चित्र एकही विकलं गेलं नव्हतं.

“ह्या प्रदर्शनानंतर काय ते ठरवतो,” असं तो निघताना म्हणाला होता. तिसऱ्या वर्षापासून तो हेच म्हणत होता. काय ठरवणार ते त्याने सांगितलं नव्हतं आणि समीक्षाने विचारलं नव्हतं. उघडच होतं. एखादं विकलं गेलं, तर चित्रं सुरू राहणार. नाही गेलं, तर पेटी माळ्यावर. त्या विचाराने तिला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

अमृत मात्र आपल्या भिंतीपाशी फारसा थांबतच नव्हता. धीर होत नसेल, असं तिला वाटत होतं. तीन दिवसांत त्याने बाकीच्या पाचही भिंती दोन-दोनदा बघितल्या होत्या. आता तो दारापाशी मांडलेल्या पुस्तकांत होता.

“अगं, इकडे ये,” त्याने हाक मारली. जुन्या लघुचित्रांचं एक जाडजूड पुस्तक त्याने दोन्ही हातांवर तोललं होतं. “हा निळा बघ. आणि कागदाचा वास घे. आणखी एक पुस्तक आहे, नुसत्या पक्ष्यांचं. आपण दोन्ही घ्यायची का?”

एवढ्यात आतून नानासोंचा आवाज आला. सासरे सकाळपासून मुलाच्या चित्रातल्या मेंढ्या तपासत होते. जन्मभर त्यांनी खरी मेंढरं राखली होती.

“आमृत! आरं, लाल खूण मारलीया! गिऱ्हाइकानं पसंत केलेल्या मेंढराला आमी मारतो तशीच. गेलं रं लेका!”

अमृत पुस्तकासकट धावत आला. ठिपका बघितला आणि बाकावर बसला. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखा.

“खरंच?” त्याने समीक्षाला विचारलं.

प्रयोगवहीत चुकीचा एक आकडा न चालवणाऱ्या समीक्षाने मान हलवली. कुठल्या दिशेने, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

पाचच्या सुमारास एक डॉक्टरबाई नेमक्या त्याच चित्रासमोर उभ्या राहिल्या.

“दवाखान्यासाठी हवं होतं. मिळेल का हे?”

“गेलं हो ते!” अमृत म्हणाला. इतक्या आनंदाने नाही म्हणणारा माणूस बाईंनी बघितला नसावा.

“अरेरे. ह्या मेंढ्यांचे कान किती सुंदर आलेत.”

“कानच तर चुकल्यात, बाई,” नानासो म्हणाले. “ती शेरडाचं कान हायती.”

बाई निघाल्या. अमृत पुन्हा पुस्तकांकडे गेला. समीक्षा पायऱ्या उतरून धावली आणि तिने बाईंना फाटकापाशी गाठलं.

“चित्र विकलं गेलेलं नाही. तो ठिपका म्हणजे आमच्या सासूबाईंची टिकली आहे.”

बाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि त्या इतक्या हसल्या की खांद्यावरची पर्स कोपरापर्यंत आली. “मग टिकली काढा आणि चित्र मला द्या.”

पाच मिनिटांत पावती झाली. कलादालनाच्या माणसाने खरा ठिपका आणून लावला, कागदी, आठ मिलिमीटरचा. काढलेली टिकली अंबूबाईंनी पाकिटावर परत चिकटवली.

“माज्या टिकलीनंच गिऱ्हाईक आनलं,” त्या म्हणाल्या. “तुज्या शास्त्रात बसतं का बघ.”

“बसवते,” समीक्षा म्हणाली.

ती अमृतजवळ गेली. त्याने दोन्ही पुस्तकं बांधून घेतली होती.

“अहो, पावती झाली. तुमचं चित्र विकलं गेलं.” ह्या वेळी तिने नुसती मान हलवली नाही.

“पक्कं?”

“पक्कं. आता तरी ठरवा.”

नानासो आणि अंबूबाई जवळ येऊन उभे राहिले. अंबूबाईंनी हात जोडले होते. अमृतने पुस्तकं हळूच मेजावर ठेवली आणि दीर्घ श्वास घेतला.

“समीक्षा, तू एवढ्या हौसेने पेटी आणलीस. एक तरी विकल्याशिवाय तुला सांगायचं कसं, म्हणून सात वर्षं ओढली. मला चित्रं बघायला आवडतात गं, नुसती बघायला. आजपासून काढणं बंद.”