चेटकिणीची माफी

खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो, पण भिंतीवरच्या एका ओळीपायी ही पोरगी कोर्टाच्या दारापर्यंत पोचली होती. शेजारच्या आजींच्या भिंतीवर तिने हातभर अक्षरांत रंगवलं होतं, ‘इथे चेटकीण राहते.’ बालगुन्हेगारांना वळणावर आणणाऱ्या बाईंनी दोघींना समोरासमोर बसवलं. आजींनी माफ केलं, तर भिंत पुसून प्रकरण मिटणार. नाहीतर पोरगी न्यायाधीशांपुढे उभी राहणार.

“चुकले, आजी,” पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली. “आत्ताच्या आत्ता पुसते.”

“खबरदार हात लावलास तर!” आजी कडाडल्या. “माफबिफ काही करणार नाही.”

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. बाई म्हणाल्या, “अहो आजी, लेकरू आहे. एवढा राग बरा नव्हे.”

“राग कसला डोंबलाचा? माफ केलं की पुसणार म्हणता, तिथंच घोडं अडलंय! ते लिहिल्यापासून दारावर एक विक्रेता फिरकलेला नाही. घर विक म्हणून मानगुटीवर बसलेला पुतण्यासुद्धा कोपऱ्यावरूनच माघारी जातो.”

बाईंनी कसंबसं हसू दाबलं. “बरं, नाही पुसायचं. मग तर माफ?”

“केलं!”

पोरीचा जीव भांड्यात पडला. निघता निघता ती दारात घुटमळली.

“आजी, खाली ‘आणि चावते’ असंही लिहू?”

आजी बाईंकडे वळल्या. “बघा, सुधारली की नाही पोरगी!”