सुती दोऱ्याची गाठ

वादळात हरवलेले खेकड्यांचे पिंजरे दोन वर्षांनी सापडले, तेव्हा धाकटीचा आनंद होडीत मावेना. हरवलेला पिंजरा तळाशी पडून खेकडे मारतच राहतो, म्हणून तिने प्रत्येक दार सुती दोऱ्याने बांधलं होतं. दोरा कुजला की दार उघडेल आणि अडकलेला जीव सुटेल.

"पिंजरे बांधतेस की गोधड्या शिवतेस?" म्हणून दादाने तेव्हा तिची टर उडवली होती. आज तोच दादा पिंजऱ्यांचा दोर ओढत म्हणाला, "दार उघडं निघालं, तर माझ्याही सगळ्या पिंजऱ्यांना तुझाच दोरा."

पहिला पिंजरा शेवाळाने माखून वर आला. आत काहीच नव्हतं, पण दार बंद होतं. दोरा पांढराशुभ्र, कालच बांधल्यासारखा.

"कुजला कुठे गं?" दादा हसला.

धाकटीने गाठ चाचपली. बोट पोचेना.

"दादा, मी बाहेरून बांधते. ही गाठ आतून मारलीय."

त्याच दोरावरचा दुसरा पिंजरा आता पाण्याखाली दिसू लागला. त्याचं दार सताड उघडं होतं.

"बघ, उघडलं की नाही," म्हणता म्हणता धाकटी थांबली.

आतून कुणीतरी ते दार हळूच ओढून घेत होतं.