आपलं

बाबा दवाखान्याच्या लॉन्ड्रीत लागले तेव्हा या देशात नवेच होते. "आपल्या नदीला पूर आलाय," असं काही बोलले, की मुकादम लगेच टोकायचा, "आपल्या नाही, आमच्या. तू बाहेरचा, तुमच्या म्हण."

"चुकलं साहेब," बाबा म्हणायचे, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा आपला रस्ता, आपली शाळा. सगळी लॉन्ड्री हसायची. घरी मी चिडायचे, "एवढं साधं कसं डोक्यात शिरत नाही हो तुमच्या?" बाबा नुसती मान डोलवायचे.

त्यांच्या निरोपाला मीही गेले होते. मुकादमानं चारचौघांत त्यांच्या पाठीवर थाप मारली. "चादरी दुधासारख्या केल्यास गड्या, पण आमची भाषा काही तुला शेवटपर्यंत आली नाही."

पुन्हा हशा झाला. बाबांनी ॲप्रन सोडला, त्याची नीट घडी घातली आणि मुकादमाच्या हातात दिली.

"आपली भाषा मला केव्हाच आली, साहेब. आपलं आणि आमचं यातला फरक तुम्ही पहिल्यांदा टोकलंत तेव्हाच कळला. त्या दिवसापासून ठरवून चुकतोय."