तिकडे आत्ता सकाळ

१९६२ साली मुकुटबनच्या भगवानरावांकडे त्यांच्या वत्सलेला पाहायला थेट लंडनहून इंजिनिअर आला, आणि आल्यापासून त्याचं नाक मुरडणं काही थांबेना. "इथे कुणाला वेळेची किंमतच नाही. बैल उठले की यांची सकाळ! लंडनला सगळं कसं मिनिटावर चालतं," असं म्हणत त्याने पोह्यांची बशी बोटाने दूर सारली. तरी भगवानराव हात जोडून म्हणाले, "आमच्याकडून पसंत हाय जी." पोरीला कुणी विचारलंही नाही. वत्सलेला त्या दोघांचाही सारखाच तिटकारा आला.

"तोंड काहून पाडून राह्यली? सोनं होईल तुयं," लीलाआत्या तिच्या कानात पुटपुटली, आणि पाहुण्याशी काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "आमच्या इथं तं ऊन डोक्यावर आलं. तुमच्या तिकडे आता काय असन जी?"

पाहुण्याची नजर दूर कुठेतरी लागली. पहिल्यांदाच तो मायेने हसला.

"तिकडे आत्ता कुठे सकाळ. मेरी आमच्या छोटीला उठवत असेल."