स्टेबल

"आत्ता तरी स्टेबल आहे," एवढं बोलून डॉक्टर आत गेले आणि अतिदक्षता विभागाचं दार त्यांच्यामागे आपोआप बंद झालं.

सून सासऱ्यांकडे वळली. "बाबा, स्टेबल म्हणजे बरा आहे ना तो?"

शब्दाचा अर्थ विचारायचा तर बाबांनाच, ही त्या घरातली रीत. त्यांची सगळी नोकरी शब्दकोशाच्या कचेरीत गेलेली. घरात कुणी शिंकलं तर बाबा आधी शिंकेची व्युत्पत्ती सांगतील आणि मग औषध देतील, असं त्यांचा मुलगा चेष्टेने म्हणायचा. तोच मुलगा आता दारापलीकडे होता. सकाळी कामावर जाताना मोटरसायकल घसरून डोक्यावर पडला होता, अजून शुद्धीवर आला नव्हता.

"लॅटिनमध्ये 'स्तारे' म्हणजे उभं राहणं," बाबा म्हणाले. तोंड सवयीने आपलं चालू झालं होतं. "त्यावरून 'स्ताबिलिस'. उभा राहू शकतो, डळमळत नाही, तो. घोडे उभे करायच्या जागेलाही इंग्रजीत स्टेबलच म्हणतात. तो आला 'स्ताबुलुम'वरून. मूळ एकच."

"तबेला?"

"हं."

"माझा नवरा आत नळ्या लावून पडलाय आणि तुम्ही मला घोड्यांचं सांगताय?"

समोर बसलेल्या बाईने वर पाहिलं. सून लगेच वरमली. "चुकलं, बाबा. पण मला शब्दाचं घराणं नको हो. चांगलं की वाईट, तेवढं सांगा."

सगळ्या खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीवर ठोकलेल्या होत्या. सुनेचा पाय एकसारखा हलत होता आणि त्याने अख्खी रांग थरथरत होती. 'स्टेबल' बाबांना पुरता ठाऊक होता. त्यांनी धसका घेतला होता तो त्याच्या आधीच्या दोन शब्दांचा. आत्ता तरी. सुनेला ते ऐकूच आले नव्हते, आणि त्यांचा अर्थ लावायला कोश लागत नाही.

"पडत नाहीये," ते शेवटी म्हणाले. "आहे तिथे टिकून आहे."

"म्हणजे चांगलंच ना?"

बाबांनी नुसती मान हलवली.

दार उघडायचं, दोघं अर्धवट उठायची, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी नातेवाइकांना हाक यायची. असं कितीदा तरी झालं. मग डॉक्टर बाहेर आले ते थेट यांच्याकडे. तोंडावरचा मास्क त्यांनी हनुवटीखाली ओढला.

"बोलला तो. पाणी मागितलं."

सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाबा एक पाऊल पुढे झाले.

"नेमकं काय म्हणाला? शब्द कोणता होता?"

डॉक्टर गोंधळले. "'पाणी' म्हणाला. तेवढंच. धोका टळला असं मी अजून म्हणणार नाही, पण खूण चांगली आहे."

ते आत गेले. बाबा खुर्ची चाचपत खाली बसले.

"पाणी," ते स्वतःशीच म्हणाले. मग पुन्हा, "पाणी." तिसऱ्यांदा म्हणायला गेले तेव्हा आवाजच फुटेना.

सुनेने घाईघाईने पिशवीतली बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या हातात दिली.