खऱ्या जागी विणलेला झरा

या बाबांनो, जवळ सरकून बसा, एका विणकर आजीची गोष्ट सांगतो. गोऱ्या साहेबाने रंगवलेल्या जुन्या चित्रात तिचा डोंगर अगदी ओसाड होता. म्हणून संग्रहालयाने विणायला सांगितलेल्या पडद्यावर आजीने तोच डोंगर आपल्या रीतीने विणला, वाटा, घरं, थडगी सगळं घेऊन. परक्यांच्या हाती पाणी लागू नये म्हणून तिची माणसं झरा कायम चुकीच्या जागी विणत.

नात धागा गुंडाळता गुंडाळता थबकली. "आजी, झरा खऱ्या जागी आलाय गं."

"येऊ दे. ओसाड म्हणतात मेले. बघू देत एकदा."

प्रदर्शनात लोक गहिवरले. बाटलीबंद पाण्याच्या कंपनीचा माणूस तेवढा वही काढून झऱ्याची जागा उतरवून घेत होता.

आता झऱ्याला कुंपण आहे, आणि आत जायला आजीला पास लागतो. देवाचं नाव घ्याल तेव्हा तिचीही आठवण ठेवा.