हलका हात

उंब्रजच्या बनुबाई आणि शेजारच्या अख्तरबी अशा मैत्रिणी, की एकीला ठेच लागली तर दुसरीनं लंगडावं. गुडघेसुद्धा दोघींनी कराडला एकाच आठवड्यात बदलून घेतले. सुना दोघींच्याही नर्स. बनुबाईंची सृष्टी आणि अख्तरबींची समीना, दोघींनी सासूसाठी बिनपगारी रजा टाकली. तेवढ्यात विमा कंपनीनं कळवलं, की घरी बाहेरची नर्स ठेवलीत तर खर्च देऊ, नात्यातल्या माणसानं केलेल्या सेवेचे पैसे मिळणार नाहीत.

सुनांनी आधी कपाळाला हात लावला, मग डोकं लावलं. गुडघे बदलून झालेच होते, आता सासवाही बदलून घेतल्या. सृष्टी पलीकडं, समीना अलीकडं, आणि बिलं रीतसर.

दोन्ही क्लेम मंजूर झाले त्या सकाळी सृष्टी खुशीत आपल्या घरी परतली आणि सासूच्या गुडघ्याचा व्यायाम घ्यायला बसली. बनुबाईंनी पाय मागं घेतला.

“तू नगं. तुझा हात लय जड हाय. समीनालाच बोलीव.”

“आवं आत्ती, क्लेम मिटला. कंपनी आता तिचं पैसं न्हाई द्यायची.”

“न्हाई दिलं तर न्हाई. माज्या पेन्शनीतनं मी देती.”

सृष्टीचं तोंड एवढंसं झालं. ती उठायच्या आत भिंतीपलीकडनं अख्तरबींची हाक आली.

“सृष्टीऽ, कुठं ऱ्हायलीस गं? ये लवकर, हिचा हात लय जड हाय.”